शर्मिष्ठेतला तो छोटासा ठिपका

हिवाळ्यात संध्याकाळी नाशिकच्या लाईटपासून जरा लांब, अंजनेरीच्या बाजूला वगैरे गेलात तर उत्तरेला शर्मिष्ठा (कॅसिओपिया) हा तारकासमूह मस्त दिसतो, पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी रांग. त्याच भागात साधारण ११,००० प्रकाशवर्षांवर कॅसिओपिया ए आहे, फुटलेल्या ताऱ्याचा पसारा, नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणारा. पसरणाऱ्या वायूचा वेग उलटा मोजत गेलं की कळतं, स्फोटाचा प्रकाश आपल्यापर्यंत आला तो १६७० च्या आगेमागे, म्हणजे इकडे आपल्या बागलाणात साल्हेरची लढाई झाली (१६७२) जवळपास त्याच काळात! पण तो कुणी पाहिल्याची पक्की नोंद नाही, मधे धूळ खूप आहे.

खरी मजा एक्स-रेमधे आहे. इथला वायू काही कोटी डिग्री तापलाय, एवढं तापलेलं काहीही मुख्यतः एक्स-रेच सोडतं, आणि ते आपल्या हवेत अडकतात म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. प्रत्येक मूलद्रव्याचा एक्स-रे ठराविक ऊर्जेचा, त्यामुळे सिलिकॉन, गंधक, लोखंड कुठे आहे याचा चक्क नकाशा बनतो. त्यात दिसलं की काही ठिकाणी लोखंड सिलिकॉनच्याही बाहेर गेलंय, खरंतर लोखंड तयार होतं पार आत, म्हणजे स्फोटात तारा आतून बाहेर उलटला! आपल्या इस्रोच्या एक्सपोसॅट या एक्स-रे उपग्रहानेही जानेवारी २०२४ मधे पहिलं निरीक्षण याचंच केलं आणि ही मूलद्रव्यं ओळखली, मला याचा फार आनंद झाला होता.

आता ठिपका. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची चंद्रा ही एक्स-रे दुर्बीण जुलै १९९९ मधे वर गेली आणि तिच्या पहिल्याच फोटोत पसाऱ्याच्या मधोमध एक बिंदू निघाला. न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा दाबून घट्ट झालेला गाभा. वजन सूर्यापेक्षा जास्त पण आकार एवढा की नाशकातून निघून त्र्यंबकला पोचायच्या आत तो संपेल.

पण हा पल्सारसारखा (फिरता फिरता ठराविक वेळाने चमकणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यासारखा) लुकलुकत नाही, रेडिओतही गप्प. त्यात त्याच्यावर हायड्रोजनची हवा (म्हणजे वातावरण) धरून हिशोब केला तर फक्त ४-५ किलोमीटर त्रिज्येचा भाग चमकतोय असं येत होतं, मग एवढाच डाग गरम असेल तर तारा फिरताना उजेड कमीजास्त व्हायला हवा ना, तो तर होत नाही. २००९ मधे क्रेग हाइन्के आणि विन हो या खगोलशास्त्रज्ञांनी कार्बनची हवा धरून बघितलं आणि आकडा थेट पूर्ण ताऱ्याएवढा आला. ही हवा जेमतेम १० सेंटीमीटर जाड! प्रचंड गुरुत्वाकर्षणाने दाबलेली. मला तर हे सगळ्यात सुंदर वाटतं, एवढ्या लांबून वीतभरसुद्धा नसलेला थर ओळखला.

पुढच्याच वर्षी त्यांनी सांगितलं की हा तारा दहा वर्षांत साधारण ४ टक्के थंड झाला, आणि एवढ्या झपाट्याने थंड व्हायचं म्हणजे आतले न्यूट्रॉन अतिद्रव (घर्षणाशिवाय वाहणारे) होत असणार असा अर्थ निघाला. पण चंद्रा दुर्बिणीच्या कॅमेऱ्यापुढच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं मळ साचतोय, त्याचा हिशोब नीट धरला की थंड होण्याचा वेग कमी भरतो, त्यामुळे जुनी निरीक्षणं परत परत तपासणं चालूच आहे.