४०४ आणि ४५१: पान हरवलं की हटवलं?

बातमीची लिंक उघडावी आणि पडद्यावर ४०४ यावं. लिंक जुनी झाली असेल, असं म्हणून आपण पुढे जातो. कधीतरी मात्र तिथे ४५१ असतं. दोन्ही सर्व्हरने ब्राउझरला दिलेले कोड, आणि दोन्ही वेळा पान दिसत नाही ते नाहीच. पण ४०४ म्हणतो ‘सापडलं नाही’, तर ४५१ म्हणतो ‘कायद्याच्या कारणामुळे दाखवता येत नाही’.

४०४ च्या व्याख्येतच एक मेख आहे. पान खरोखर नसेल तेव्हा तो चालतो, आणि पान आहे हे सर्व्हरला कबूल करायचं नसेल तेव्हाही चालतो. म्हणजे दडवादडवी नियमात बसते! समजा, कुणी सत्ताधाऱ्यांच्या व्यवहारांवर लिहिलं आणि वरून आदेश आल्याने ते पान गेलं. ४०४ पाहणाऱ्याला पहिला संशय येतो तो लेखकाचा: घाबरला असेल, पुरावे नसतील, स्वतःच काढलं असेल. आदेश देणारा नामानिराळा. लेख गेल्यापेक्षा मला हे जास्त वाईट वाटतं.

४५१ आला तो ही लपवाछपवी उघडी पाडायला. सॉफ्टवेअर अभियंता टिम ब्रे यांनी लिहिलेलं हे मानक फेब्रुवारी २०१६ मध्ये आरएफसी ७७२५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालं. (कागद पेटण्याचं फॅरनहाइटमधलं तापमान म्हणून एका कादंबरीने गाजवलेला हा आकडा.) मागणी कुणाची, कायदा कोणता, बंदी कुणाला लागू, हे सोबत सांगावं अशी त्यात अपेक्षा आहे. ‘ब्लॉक्ड-बाय’ अशीही एक नोंद देता येते. ती वाचताना हमखास गल्लत होते, कारण तिथे नाव असतं प्रत्यक्ष पान अडवणाऱ्याचं, आदेश देणाऱ्याचं नव्हे.

४५१ दिसला की सेन्सॉरशिपच, असं मात्र नाही. २५ मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, तेव्हा काही अमेरिकी वृत्तस्थळांनी तिथल्या वाचकांना हाच कोड दाखवला. त्यांना नियमांची कटकट नको होती, इतकंच. गिटहब हे प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याचं संकेतस्थळ कॉपीराइटच्या तक्रारींवरही ४५१ वापरतं.

उलट, खरी सेन्सॉरशिप बहुधा कोडच पाठवत नाही. चीनची फायरवॉल, म्हणजे तिथलं इंटरनेट गाळणारी यंत्रणा, संकेतस्थळाचा पत्ता विचारला की खोटं उत्तर देते किंवा जोडणी मध्येच तोडते, आणि आपण वाय-फायला दोष देत बसतो. बंदी घालणारे काही जण बंदीची वाच्यताही होऊ देणार नाहीत, हे आरएफसी ७७२५ मध्येच लिहून ठेवलंय.

म्हणून काल वाचलेलं पान आज ४०४ दाखवत असेल, तर तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, टाकून बघा. प्रत मिळाली तर पान कोणत्या तारखेपर्यंत नक्की होतं ते कळेल. ते कुणी काढलं हे त्यातूनही कळत नाही. ते लेखकालाच विचारावं लागतं.