'लॅक्युना' शब्दाचा घोळ

एमआरआयच्या रिपोर्टात खाली कुठेतरी 'ओल्ड लॅक्युनार इन्फार्क्ट' (इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला तुकडा) लिहिलेलं असतं आणि घरचे गोंधळतात, आईला मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आला कधी? आला असेल, पण कळलाच नसेल, असं खूप होतं. मुळात 'लॅक्युना' हा शब्द नुसत्या भोकाचा आहे. 1838 ला फ्रान्समध्ये मेंदूत खोलवर पाण्याने भरलेल्या बारीक पोकळ्यांना तो वापरला गेला. मग 1901 मध्ये पॅरिसच्याच एका डॉक्टरने टीचभर पावलं टाकत चालणारे म्हातारे पेशंट आणि या पोकळ्या यांची सांगड घातली. तरी इन्फार्क्टची पोकळी, जुन्या रक्तस्रावाची पोकळी आणि रक्तवाहिनीभोवतीची नुसतीच रुंदावलेली जागा हे सगळं बऱ्याचदा एकाच नावाखाली जायचं.

पुढे बरीच वर्षं थंडच. 1965 ला बॉस्टनच्या एका न्यूरॉलॉजिस्टने 1042 मेंदू तपासले, त्यातल्या 114 मध्ये लॅक्युना निघाल्या आणि त्या लोकांपैकी जवळपास सगळ्यांना बीपी. नंतर त्याने मोजक्या मेंदूंचे ओळीने पातळ काप काढून एकेका पोकळीकडे जाणारी नळी मायक्रोस्कोपखाली शोधून काढली, केवढा तो पेशन्स! या नळ्या म्हणजे मोठ्या धमनीतून थेट फुटलेल्या फांद्या, सहसा एक मिलिमीटरही जाड नाहीत आणि शेजारून दुसरा सप्लाय जवळजवळ नाहीच, त्यामुळे एक बंद पडली की तेवढा तुकडा मेला. भोक लहान पण जागा वाईट, हातापायाच्या तारा तिथूनच खाली उतरतात, म्हणून माणूस नीट बोलतो, सगळं समजतं आणि एक बाजू लुळी. नाहीतर जीभ जड आणि शर्टाचं बटण लागत नाही, बस.

खरी गोम पुढे आहे. त्या बॉस्टनवाल्याला नळीत दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या होत्या: एक म्हणजे भिंतच सडून विस्कटलेली (लायपोहायलिनोसिस), दुसरी म्हणजे फांदीच्या तोंडाशी किंवा आत साचलेला नेहमीचाच चरबीचा थर. पण सीटी-एमआरआय आले आणि हा फरक मागे पडला, कारण स्कॅनवर डाग दिसतो, नळी दिसत नाही. झटक्यांचं कारणानुसार केलेल्या 1993 च्या वर्गीकरणात तर खोल, दीड सेंटीमीटरपेक्षा लहान, हृदय आणि मानेच्या धमन्या ठीक, की झालं 'स्मॉल व्हेसल', म्हणजे बारीक नळीचाच आजार. म्हणजे भोकाचं नाव झटक्याला आणि झटक्याचं नाव कारणाला चिकटलं. 1990 मध्येच काहींनी ही बारीक नळीच्या आजाराची अख्खी थिअरी चूक म्हणून लिहिलं होतं, गुठळी दुसरीकडूनही येऊ शकते म्हणून. मला ते टोकाचं वाटतं, पण प्रश्न रास्त होता. 1996 ला एक जीन सापडला ज्यातल्या बिघाडाने बीपी नसलेल्या तरुणांनाही असेच झटके येतात, तेव्हा नुसती भिंत बिघडूनही हे होतं एवढं पक्कं झालं. शेवटी 2013 ला ठरलं की लॅक्युना म्हणायचं ते फक्त 3 ते 15 मिलिमीटरच्या पोकळीला, ताज्या डागाला वेगळं नाव. रिपोर्टवाल्यांपर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

उपचारात हा घोळ महागात पडला. असे छोटे झटके आलेल्या 3020 पेशंटांवरच्या ट्रायलमध्ये अॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारं दुसरं औषध) कायमचं जोडून बघितलं, 2012 ला निकाल आला: झटके फारसे कमी नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू जास्त. त्याच ट्रायलमध्ये वरचं बीपी 130 च्या खाली ठेवलेल्यांना मेंदूतले रक्तस्राव मात्र बरेच कमी झाले. ज्या नळ्या बंद पडतात त्याच फुटतातही.