मोटारसायकलचे इंजिन गार्ड आणि इंजिनाचे शीतलन

उडणारे दगड, खडबडीत रस्ते किंवा गाडी आडवी पडणे यांपासून इंजिन वाचवण्यासाठी बसवलेली कवचे. तळाखालची बॅश प्लेट, क्लच व मॅग्नेटो (गाडीची वीज तयार करणारा भाग) यांच्या झाकणांवर चढवलेली दुहेरी झाकणे आणि रेडिएटरपुढची जाळी हे त्यांचे मुख्य प्रकार. यांमुळे इंजिन जास्त तापते का, हे कवच कशाचे आहे यापेक्षा ते कुठे बसले आहे यावर अवलंबून असते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची बहुतेक उष्णता सिलिंडर आणि हेडच्या फिन्समधून, म्हणजे बाहेर आलेल्या पातळ पात्यांमधून, बाहेर पडते. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा कोश, त्या मानाने थंड असतो. तळाशी साठणारे गरम ऑइल त्याच्या भिंतींतून थोडी उष्णता सोडते, एवढेच. म्हणून बॅश प्लेट आणि क्रँककेस यांच्यामध्ये वारा खेळायला जागा असेल तर फरक किरकोळ पडतो. 2016 साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या 411 सीसी इंजिनाखाली प्लेट कारखान्यातूनच बसवलेली असे. सोबत पुढे ऑइल कूलरही होता.

प्लेटपेक्षा चिखल वाईट. पावसाळ्यात कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवरून गाडी फिरली की प्लेट आणि इंजिन यांमधली फट चिखलाने भरते. तो वाळला की हवेची वाट बंद होते, ऑइलची गळतीही त्याखाली झाकली जाते. प्लेटला भोके असतात ती यासाठीच. तरीही हंगामात ती अधूनमधून खोलून आतला भाग धुवायलाच हवा.

दुहेरी झाकणांमुळे इंजिन तापेल ही भीती मात्र अनाठायी आहे. प्लास्टिक उष्णता फार कमी वाहते हे खरे. पण ही झाकणे इंजिनाचा छोटासा भाग व्यापतात आणि आतले ऑइल सतत फिरत असते. सुपरबाइक शर्यतींत तर अशी झाकणे नियमानेच सक्तीची आहेत, कारण घसरलेल्या गाडीचे ऑइल ट्रॅकवर सांडले तर मागून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते.

द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरपुढची जाळी थेट हवेच्या वाटेत येते, म्हणून ती फार बारीक नसावी. किडे आणि माती अडकली की तीच झाकणासारखी होते. पंखा नेहमीपेक्षा वारंवार सुरू होऊ लागला तर आधी जाळी तपासावी.

सर्वांत घातक उपाय सर्वांत स्वस्त आहे: पावसात पाय कोरडे राहावेत म्हणून लेग गार्डला बांधलेला रेक्झिनचा पडदा. उघडा लेग गार्ड हवा फारशी अडवत नाही, पडदा मात्र फिन्सकडे जाणारा वाराच तोडतो. पाऊस थांबताच तो काढावा.

हवेने थंड होणाऱ्या स्कूटरचे गणित उलटे आहे. तिच्या इंजिनावर समोरून वारा येत नाही. क्रँकशाफ्टवरचा पंखा हवा ढकलतो आणि सिलिंडरभोवतीचे आवरण ती फिन्समधून नेते. हे आवरण तुटले किंवा दुरुस्तीनंतर बसवायचे राहिले, तर हवा इकडेतिकडे पसरते आणि इंजिन तापते.