डेटा स्ट्रक्चर बदलाचा मेमरी-खर्च (डीबगरमधील)

दुसऱ्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा डीबगर हा स्वतःही एक प्रोग्रामच. मोठी फाइल उघडली की तिच्यातली फंक्शने, व्हेरिएबल, टाइप यांच्या लाखो नोंदी तो मेमरीत बाळगतो. या नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये (नोंदीच्या साच्यात) एखादे फील्ड, म्हणजे माहितीचा एक खण, वाढवले, काढले किंवा जागचे हलवले, तर मेमरी किती वाढते वा वाचते, हे बदल स्वीकारण्याआधी मोजून पाहावे लागते.

सोलापूरकरांना यातले गणित नवे नाही. एका चादरीला वीस ग्रॅम सूत जादा गेले तर हातात घेऊन कळतही नाही; महिन्याच्या मालाचा हिशेब मांडला की कळते. इथेही नगाला लागणारे बाइट आणि नगांची संख्या, दोन्ही हवेत, आणि संख्या अंदाजाने धरून चालत नाही.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हा प्रयोग जीडीबीवर करणे सोयीचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या डीबगरचा सोर्स खुला आहे, आणि एका जीडीबीखाली दुसरा जीडीबी चालवून त्याचे पोटही तपासता येते. ‘पीटाइप स्लॅश ओ’ ही आज्ञा स्ट्रक्चरमधल्या प्रत्येक फील्डची जागा, आकार आणि मधली रिकामी भोके दाखवते.

६४ बिटांच्या नेहमीच्या लिनक्स यंत्रावर १ बाइटचा कॅरेक्टर, ८ बाइटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि ४ बाइटचा इंट (पूर्णांक) या क्रमाने ठेवले, तर स्ट्रक्चर २४ बाइटचे होते: पॉइंटर ८ च्या पटीतल्या जागीच बसतो, म्हणून कॅरेक्टरमागे ७ आणि शेवटी ४ बाइट वाया. पॉइंटर, इंट, कॅरेक्टर असा क्रम लावला की १६. या १६ मध्येही शेवटी ३ बाइट मोकळे राहतात, म्हणून आणखी तीन बूल (१ बाइटची हो-नाही फील्ड) फुकट बसतात. चौथा बूल मात्र एकदम ८ बाइटला पडतो. ‘एका फील्डचा खर्च किती’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते.

“सर, साइझऑफ चोवीसवरून सोळावर आला, पण मेमरी हललीच नाही,” ही विद्यार्थ्यांची तक्रार मग हमखास येते; साइझऑफ म्हणजे स्ट्रक्चरचा बाइटमधला आकार. कारण मॅलॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रामला मागेल तशी मेमरी देणाऱ्या फंक्शनमध्ये, असते. जीलिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक प्रत्येक तुकड्याला ८ बाइटचे शीर्षक जोडतो आणि १६ च्या पटीत जागा देतो. त्यामुळे २४ मागा की १६, तुकडा ३२ बाइटचाच मिळतो. नोंदी सलग व्हेक्टरमध्ये, म्हणजे एकीला लागून एक अशा रांगेत, असतील, तर मात्र २० लाख नोंदींमागे १ कोटी ६० लाख बाइट खरोखर वाचतात. नुसता साइझऑफ दाखवून बचतीचा दावा करणारा माणूस अर्धेच बोलतो.

नोंदींची संख्या मोजण्यातही चकवा आहे. जीडीबी आळशी आहे: फाइलची पूर्ण माहिती गरज पडेल तेव्हाच, तुकड्यातुकड्याने वाचतो. ‘रीडनाऊ’ पर्याय दिला की सगळे एकदम वाचले जाते आणि कमाल खर्च दिसतो. पण रोजच्या वापरात तो क्वचितच येतो, म्हणून दोन्ही आकडे घ्यावेत. ‘मेन्ट प्रिंट स्टॅटिस्टिक्स’ फाइलवार सिम्बॉलची (फंक्शन, व्हेरिएबल वगैरेंच्या नोंदींची) संख्या आणि त्यांच्या साठ्याने घेतलेली मेमरी सांगते.

दर आज्ञेमागे वाढलेली जागा छापण्याचीही सोय जीडीबीत आहे, पण ती एसबीआरके मोजते, म्हणजे मुख्य हीपची (मॅलॉक जिथून जागा देतो त्या साठ्याची) हद्द किती सरकली एवढेच. मोठे तुकडे एममॅपने, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून वेगळे मागून, येतात आणि इतर थ्रेडचे (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांचे) हीपही तसेच, ते या आकड्यात नसतात. जीडीबी १०.१ पासून (२०२०) सिम्बॉल वाचायला मूळ सेटिंगमध्येच अनेक थ्रेड वापरले जातात, तेव्हा हा आकडा पूर्वीपेक्षाही कमी भरवशाचा झाला आहे. त्यापेक्षा ‘टाइम’ या आज्ञेच्या तपशीलवार अहवालातली कमाल रेसिडेंट मेमरी (प्रत्यक्ष रॅममध्ये व्यापलेली जागा) बघावी, आणि बदलाआधीचा व नंतरचा डीबगर एकाच कंपायलर पर्यायांनी बांधून, एकाच फाइलवर, चार-पाच वेळा चालवावा.

फील्ड फार थोड्या नोंदींनाच लागत असेल, तर ते स्ट्रक्चरमधून काढून वेगळ्या हॅश टेबलात (किल्लीवरून माहिती शोधून देणाऱ्या तक्त्यात) ठेवण्याचा मार्ग असतो. तिथे प्रत्येक नोंदीमागे किल्ली आणि टेबलातल्या रिकाम्या खणांचा भुर्दंड पडतो, तोही याच रीतीने मोजावा लागतो.