गाठ लसीची की लम्पीची?

2022 च्या पावसाळ्यात मुळशीत मामांच्या गोठ्यात लम्पीची, म्हणजे गायींच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूच्या रोगाची, लस टोचून गेले. आठव्या दिवशी चंद्री गायीच्या मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. मामांचा फोन आला : "लशीनंच आणली बघ लम्पी. पुढच्या टायमाला कुणाला हात लावू द्यायचा नाय."

पण तेव्हा राज्यात गायींना टोचत होते ती लस लम्पीच्या विषाणूची नव्हतीच. ती शेळ्यांच्या देवी रोगावरची. दोन्ही विषाणू चुलत भाऊ, म्हणून एकाची ओळख दुसऱ्याला अडवते. त्यामुळे गाठीच्या खपलीत लम्पीचा विषाणू निघाला, तर तो बाटलीतून आलेला नाही. संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लम्पी पसरवणारी गोमाशी चंद्रीला बहुधा आधीच चावून गेली होती.

तरी मामांची शंका मला खुळी वाटत नाही. खुद्द लम्पीच्याच विषाणूला कमजोर करून केलेली लस दिली, तर काही गायींना टोचल्या जागी सूज येते, ताप येतो, चार दिवस दूध घटतं, क्वचित बारीक गाठीही येतात. तिथे नुसता विषाणू सापडून भागत नाही, तो लसीचा की रानटी, म्हणजे रोग पसरवणारा मूळचा, हे त्याची जनुकं वाचून ठरवावं लागतं. आणि लस खरोखर बिघडूही शकते. रशियात 2017 मध्ये लम्पीचा एक विचित्र विषाणू सापडला : अर्धा लसीसारखा, अर्धा रानटी. माग काढत संशोधक कझाकस्तानात वापरलेल्या एका लसीपर्यंत पोचले. तिच्यात एकाऐवजी अनेक वाण निघाले. पेशींमध्ये एकत्र वाढताना त्यांनी जनुकांची अदलाबदल केली होती.

म्हणून सुरक्षिततेची पहिली चाचणी गायीवर होतच नाही, बाटलीवर होते. आत जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) आहे का? आगंतुक विषाणू? पेशी वाढवायला वासराच्या रक्तातला द्रव वापरतात, त्यातून अतिसाराचा विषाणू शिरू शकतो. मग पाळी जनावरांची. नेहमीच्या दहापट मात्रा टोचून रोज ताप आणि सूज मोजायची. गाभण गायी वेगळ्या तपासायच्या. सगळ्यात चिवट चाचणी मात्र उलटण्याची : लसीचा विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा पाचदा फिरवायचा आणि त्याची जुनी खोड परत येते का ते बघायचं.

हरियाणातल्या हिसार आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी रांचीच्या गायींतला लम्पीचा विषाणू पेशींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवून मवाळ केला; ऑगस्ट 2022 मध्ये ती देशी लस जाहीर झाली. ती बनवण्याचे हक्क पुढे पुण्यातल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेलाही मिळाले. मामांच्या गोठ्यापासून तासाभराची वाट.

चंद्री बरी झाली, दूध मात्र त्या वेतात पूर्वीसारखं आलं नाही. पुढच्या वर्षी लस टोचायला आले तेव्हा मामांनी हात लावू दिला. आधी बाटली मागून घेतली, चष्मा लावला आणि तिच्यावरचा बॅच नंबर कालनिर्णयवर लिहून ठेवला.