चोरून आवडणारे वास आणि चवी

चारचौघांत ज्याला आपण ‘शी’ म्हणतो आणि एकटं असलं की मुद्दाम नाक लावून हुंगतो किंवा हळूच जीभ लावून बघतो, असे वास आणि अशा चवी हा या नोंदीचा विषय. पेट्रोल, रॉकेल, डांबरगोळ्या, बुटाचं पॉलिश, नुकती विझलेली काडी, पाटीवरची पेन्सिल, चुलीची माती, सुकट, हिंगाची डबी, गोठा, स्वतःच्याच कानामागून फिरवलेलं बोट. प्रत्येकाची यादी वेगळी असते, पण यादीच नाही असा माणूस सापडणं अवघड.

सांगली-सातारा पट्ट्यात तर अशा वासांचं वर्षभराचं कॅलेंडरच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला ओली माती, बेंदराला धुतलेले बैल आणि गोठा, दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड दर्प, गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस आणि चुलवाणात जळणारं चिपाड, मग हळद काढून शिजवायला घेतात तेव्हाचा तो कडवट, मातकट, औषधी वास जो अख्ख्या गावाच्या कपड्यांना बसतो. बाहेरून आलेला पाहुणा नाकाला रुमाल लावतो आणि इथं वाढलेला माणूस गाडीची काच खाली करतो. हळदीचा रंग कर्क्युमिनमुळे, पण वास त्याचा नाही, तो टर्मेरोनसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा, म्हणून शिजवताना तो एवढा लांबवर पसरतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात ही हळद पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, साठवायची जुनी पद्धत आहे, आणि पेव उघडल्यावर जी कोंदट, उबट, हळदीनं जड झालेली हवा वर येते ती काही लोकांना अत्तरापेक्षा प्यारी असते. पण पेवाच्या तोंडाशी लगेच वाकायचं नाही आणि आत तर मुळीच उतरायचं नाही, बंद पेवात ऑक्सिजन कमी होऊन कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते जिवावर बेततं.

एकच वास घाण आणि चांगला दोन्ही कसा, याचं मोठं उत्तर म्हणजे प्रमाण. मोगरा-जाईच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं आणि तेच मैल्याच्या दुर्गंधीतही असतं, फुलात ते अगदी थोडं असल्यामुळे वासाला गोडीबरोबर भरीवपणा येतो. दुसरं उत्तर, आपल्याला काय सांगितलं गेलंय. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना तोच वास कधी ‘चेडार चीज’ असं लेबल दाखवून दिला, कधी ‘अंगाचा वास’ म्हणून, आणि चीज म्हटल्यावर लोकांना तो जास्त आवडला, मेंदूतल्या हालचालीतही फरक दिसला. आपल्याकडे वेगळा प्रयोग करायची गरजच नाही, चार दिवस साठवलेल्या सायीचं भांडं उघडल्यावर नाक मुरडणारा माणूस त्याच लोण्याचं तूप कढायला लागलं की स्वयंपाकघरात घुटमळतो. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण 400 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांचा शोध लावणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना 2004 चं नोबेल मिळालं. वासाचा निरोप मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाजवळ फार लवकर पोचतो, म्हणून रॉकेलच्या वासानं एखाद्याला थेट आजीचा स्टोव्ह दिसतो आणि तो वास वाईट आहे हे त्याला पटतच नाही.

मातीचा वास या सगळ्यात वेगळा काढून सांगायला हवा, कारण तो आवडतो हे सांगायला कुणी लाजत नाही पण माती खाविशी वाटते हे मात्र सगळे लपवतात. 1964 मध्ये इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कोरड्या दगडमातीतून पावसाबरोबर सुटणाऱ्या या वासाला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं. त्याच्या बरेच आधीपासून कनौजचे लोक भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून अत्तर करत होते. यातला मुख्य मातकट वास जिओस्मिनचा, तो मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात, आणि एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असले तरी आपल्या नाकाला तो कळतो. बीट अनेकांना ‘माती लागतं’ तेही जिओस्मिनमुळेच. पण हाच वास नळाच्या पाण्याला आला की कुणी पाणी पीत नाही, आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर ज्यांनी सांगलीत घरातला गाळ उपसलाय त्यांना ओल्या चिखलाच्या वासाचं कौतुक सांगायला जाऊ नये, तिथं मातीत सांडपाणी, भिजलेलं धान्य, मेलेली जनावरं सगळंच मिसळलेलं होतं.

कालिदासानं रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात हे फार आधी लिहून ठेवलंय. गरोदर राणी सुदक्षिणेच्या तोंडाला माती खाल्ल्याचा वास येतोय आणि दिलीप राजा तो एकांतात हुंगतो, तरी त्याचं मन भरत नाही, पहिल्या पावसानं भिजलेलं रानातलं डबकं हुंगणाऱ्या हत्तीसारखं. या विषयावर इतकं नेमकं मला दुसरं काही माहीत नाही. डोहाळ्यांत माती, खापर, भिंतीचा पोपडा, पाटीची पेन्सिल खावीशी वाटणं आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं, आणि त्यामागे पुष्कळदा रक्तातलं लोह कमी झालेलं असतं, तेव्हा बाईला रागवण्यापेक्षा तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. मातीतून जंत आणि शिसंही पोटात जाऊ शकतं.

चवींत पहिला मान हिंगाचा. कच्चा हिंग म्हणजे गंधकाच्या संयुगांचा भपका, आणि गरम तेलात चिमूटभर पडला की आमटीचा जीव. आपण एवढा हिंग खातो पण तो जवळपास सगळा अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून येतो, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात प्रायोगिक लागवड 2020 मध्ये सुरू झाली. काळ्या मिठात हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणजे सडक्या अंड्याचाच वास, तरी पेरूच्या फोडीवर तेच लागतं. खर्ड्यातली मिरची तर चवसुद्धा नाही, कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला फसवतं (या शोधाचे डेव्हिड ज्युलियस 2021 च्या नोबेलचे एक मानकरी) आणि शरीराला वाटतं भाजलं. धोका नसताना धोक्याची मजा घेण्याच्या या माणसाच्या स्वभावावर पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं बरंच काम केलंय, मला त्याचं म्हणणं सगळ्यात पटतं, कारण डोळ्यांतून पाणी काढत अजून एक घास घेणारी माणसं आपण रोज बघतो.

सुकटीचं लपवणं मात्र वेगळं. समुद्री मासळीचा दर्प ट्रायमिथिलअमीनचा असतो, चिंच-आमसुलाच्या आंबटानं तो दबतो हे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आठवडी बाजारातून सुकट-बोंबील घेऊन येणारा माणूस पिशवीला दोन गाठी मारतो आणि भाजताना खिडक्या लावून घेतो, कारण शेजारी आणि घरमालक त्या वासावरून माणसाची जात आणि लायकी ठरवतात. इथं लाज वाटून घ्यायची तर ती नाव ठेवणाऱ्यानं घ्यावी.

काही आवडी मात्र खरंच सोडाव्यात. पेट्रोलच्या गोडसर वासात बेंझिनचा वाटा असतो आणि बेंझिननं रक्ताचा कॅन्सर होतो, आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण 1 टक्क्यापर्यंतच ठेवायचा नियम त्यासाठीच आहे. नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नयेत, काही बाळांच्या रक्तपेशी त्यानं फुटतात. तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीचा वास आमच्या भागातल्या किती घरांची सकाळ असतो, आणि तो आवडतो म्हणणाऱ्या बाया खोटं बोलत नाहीत, पण ती तंबाखूच आहे, तोंडाचा कॅन्सर तिच्यामुळेही होतो आणि भाजतानाचा धूर पोरांच्याही छातीत जातो.

हुंगण्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे असं वाटत असेल तर 2015 चा इस्रायलमधला एक अभ्यास आहे, त्यात गुपचूप केलेल्या चित्रीकरणात दिसलं की हस्तांदोलन झाल्यावर लोक नकळत तोच हात नाकाजवळ नेतात. हे सगळं बंद झालं की काय होतं ते कोविडमध्ये कळलं, काहींचा वास गेला आणि परत येताना कॉफी, कांदा, तळण यांना सडका वास यायला लागला. त्यावर गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ काही महिने लक्ष देऊन हुंगायचा व्यायाम देतात.