वय सत्तर, कप्पे एकोणीस

"सत्तरी उलटली, आता कशाला चिरफाड? गाठीला हवा लागली की कॅन्सर पसरतो." विडी घरकुलापासून जुळे सोलापूरपर्यंत, कुणाच्या फुफ्फुसात गाठ निघाली की घरातलं एक तरी माणूस हे बोलतंच. यातली हवेची भीती तर या अवयवाच्या बाबतीत गमतीचीच आहे. माणूस दिवसाला वीस हजार वेळा श्वास घेतो, म्हणजे फुफ्फुसातली गाठ पहिल्या दिवसापासून हवेतच वाढलेली असते. समज कसा रुजला ते उघड आहे. सीटी आणि पेट स्कॅन नव्हते तेव्हा छाती उघडल्यावर कळायचं की रोग आधीच पसरलाय. टाके घालून पेशंट घरी यायचा, काही महिन्यांत जायचा आणि खापर चाकूवर फुटायचं.

सत्तरीचा मुद्दा मात्र इतका सहज झटकून टाकता येत नाही.

दुर्मिळ फुफ्फुस कॅन्सरच्या वयस्कर रुग्णांवर हल्ली जे अभ्यास येतात, त्यांतले बरेचसे अमेरिकेच्या 'सीअर' या कॅन्सर नोंदणीवर बेतलेले असतात. नोंदणी म्हणजे काय हे आपल्या सोलापूर जिल्ह्याला नवं नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून बार्शीतच चालते. सीअरमधून वय, लिंग, गाठीचा आकार, लसिकाग्रंथी, ऑपरेशनचा प्रकार, इतकंच काय, लग्न झालंय की नाही हेही मिळतं. त्यावरून गणित मांडून पाच वर्षं जगण्याची टक्केवारी काढणारे तक्ते बनतात आणि बातमीत त्यांना 'भविष्य सांगणारा कॅल्क्युलेटर' म्हटलं जातं. लग्न झालेले जास्त जगतात असंही काही अभ्यासांत निघतं. त्यावरून सत्तरीत स्थळं बघायला कुणी निघू नये. औषधाची वेळ पाळणारं आणि रात्रीचा खोकला ऐकणारं माणूस घरात असतं, एवढाच त्याचा अर्थ असावा. पण माणसाच्या छातीत दम किती उरलाय आणि त्याने विडी किती वर्षं ओढली, हे या तक्त्यांना ठाऊकच नसतं. सर्जन मात्र आधी तेच बघतो.

गाठीच्या स्वभावाबद्दल थोडं. अशा दुर्मिळ कॅन्सरांतला 'लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा' हा प्रकार फुफ्फुसाच्या शंभर कॅन्सरमध्ये साधारण तिघांना होतो, आणि बहुतेक वेळा वयस्कर, धूम्रपान केलेल्या पुरुषांना. 1991 साली विल्यम ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्याला वेगळं नाव दिलं. सुईच्या बायोप्सीत तो नीट ओळखू येत नाही, त्यामुळे खरं नाव अनेकदा ऑपरेशननंतरच कळतं. ओळख पटते ती फुटून दोन होणाऱ्या पेशी मोजून: 2 चौरस मिलिमीटरमध्ये दहापेक्षा जास्त असतील तर हा आक्रमक प्रकार, दोन ते दहा असतील तर त्याचा सौम्य भाऊ 'अटिपिकल कार्सिनॉइड'. पूर्वी मोजणी 'दहा फील्ड'वर, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या दहा वर्तुळांवर व्हायची आणि घोळ तिथेच होता. सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर 10X/20 किंवा 10X/22 असं छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा दिसणाऱ्या वर्तुळाच्या रुंदीचा. चाळीसच्या भिंगाखाली 20 वाल्याची दहा फील्ड मिळून जवळपास 2 चौरस मिलिमीटर होतात, 22 वाल्याची 2.4. म्हणजे ज्या गाठीत खरं तर नऊ पेशी निघायला हव्यात, तिथे दुसऱ्या आयपीसने अकराच्या आसपास निघणार आणि रिपोर्टवरचं नावच बदलणार. म्हणून आता क्षेत्रफळ धरून मोजतात.

आता कप्प्यांकडे. उजव्या फुफ्फुसाचे तीन लोब, डाव्याचे दोन. प्रत्येक लोबमध्ये स्वतःची श्वासनळी आणि स्वतःची रक्तवाहिनी असलेले कप्पे असतात. उजवीकडे वरच्या लोबमध्ये तीन, मधल्यात दोन, खालच्यात पाच. डावीकडे वरच्यात पाच, खालच्यात चार. एकूण एकोणीस. स्पायरोमेट्रीत जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात जितकी हवा बाहेर पडते, तो आकडा या एकोणीस कप्प्यांवर वाटायचा, म्हणजे कप्पे काढल्यावर दम किती उरेल ते कळतं.

समजा, चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, उमेदीची सगळी वर्षं पॉवरलूमवर गेलेली. पहिल्या सेकंदात 1.9 लिटर हवा सोडतात. त्यांच्या उंचीच्या आणि वयाच्या माणसाकडून अपेक्षा 2.5 लिटरची. हिशेब सोपा झाला, एका कप्प्याला 100 मिलिलिटर. उजवा वरचा लोब काढला तर तीन कप्पे गेले, उरले 1.6 लिटर, अपेक्षेच्या 64 टक्के. डावा वरचा काढला तर 1.4, म्हणजे 56 टक्के. अख्खं उजवं फुफ्फुस काढायची वेळ आली तर 0.9, फक्त 36 टक्के. गाठ तीच, वय तेच. ती कुठे बसलीय यावर पुढचं सगळं ठरतं.

हाच हिशेब वायू रक्तात किती झिरपतो त्या तपासणीसाठीही, म्हणजे डीएलसीओसाठी, मांडतात. दोन्ही आकडे 60 टक्क्यांच्या वर राहत असतील तर धोका कमी. एखादा 30 ते 60 मध्ये आला तर जिना चढायला लावतात किंवा शटल चाल चाचणी (दोन खुणांमध्ये वाढत्या वेगाने फेऱ्या) घेतात. एक जरी 30 च्या खाली गेला तर सायकलवर बसवून प्राणवायूचा वापर मोजतात. तो किलोमागे मिनिटाला 20 मिलिलिटरच्या वर असेल तर निर्धास्त, 10 च्या खाली असेल तर छाती उघडण्याचा विचार सहसा सोडून देतात.

एकोणिसाच्या या गणितात एक खोट आहे. सगळे कप्पे सारखं काम करतात असं ते धरून चालतं. गाठीनेच एखादी नळी दाबली असेल तर त्यापुढचे कप्पे आधीच बंद असतात. मग ते एकोणिसातूनही आणि काढायच्या कप्प्यांतूनही वगळायचे, म्हणजे चालू कप्प्यांतले किती उरतात एवढंच बघायचं. विड्यांनी वरचे लोब फुगून पोकळ झाले असतील तर आणखी उलटं होतं: निकामी फुगलेला भाग निघाला की खालच्या चांगल्या भागाला पसरायला जागा मिळते आणि काहींचा दम गणितापेक्षा बराच बरा राहतो. अख्खं फुफ्फुस काढायचं असेल तेव्हा परफ्यूजन स्कॅनने त्या बाजूला रक्ताचा किती वाटा जातो ते पाहून तेवढाच वजा करतात.

जिन्याच्या चाचणीचा उंबरठा 22 मीटर उंचीचा आहे. पायरी 16 सेंटिमीटरची धरली तर न थांबता साधारण 137 पायऱ्या, म्हणजे सातेक मजले. जुळे सोलापुरातल्या चारमजली, बिनलिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याला रोज त्याच्या अर्ध्याचा सराव असतोच. पण हा प्रयोग घरी एकट्याने करू नये. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असतो आणि चढताना प्राणवायू चार टक्क्यांहून जास्त उतरला तर तीही धोक्याचीच खूण.

कमी कापून भागतं का? जपानच्या 2022 च्या मोठ्या चाचणीत, 2 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये फक्त कप्पा काढलेले पाच वर्षांनी 94.3 टक्के हयात होते, लोब काढलेले 91.1 टक्के, मात्र त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण कप्पेवाल्यांत जवळपास दुप्पट होतं. ते निष्कर्ष नेहमीच्या कॅन्सरचे आहेत, या आक्रमक प्रकाराला जसेच्या तसे लावू नयेत. याच्यात पहिल्या टप्प्यातही रोग परततो, आणि तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणूनच ऑपरेशनमध्ये किमान सहा लसिकाग्रंथी तपासायला जाव्यात. त्यातल्या तीन छातीच्या मधल्या भागातल्या हव्यात आणि त्यांत श्वासनळीच्या दुभागणीखालची एक हवीच. रिपोर्टमध्ये एक-दोनच ग्रंथी असतील तर 'ग्रंथी स्वच्छ' या शब्दांना फारसा अर्थ नाही.

नंतरच्या केमोचे आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवावं: केमो ऑपरेशननंतर महिना-दोन महिन्यांनी सुरू होते. तोवर दगावलेले किंवा उठूच न शकलेले सगळे आपोआप 'केमो न घेतलेल्या' गटात जातात, आणि औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतं.

आपल्याकडे रोग उशिरा हाती लागण्याचं, कुठल्याच तक्त्यात नसलेलं एक कारण आहे. एक्स-रेवर डाग दिसला की टीबी धरून, बेडक्यात जंतू न सापडताही महिनोन्‌महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालते आणि तेवढ्यात गाठीचा टप्पा बदलतो.

ऑपरेशन झाल्यावर पहिले काही दिवस दम एकोणिसाच्या हिशेबापेक्षाही खाली असतो, कारण दुखतं म्हणून माणूस खोल श्वासच घेत नाही. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. वयस्करांना गाठीपेक्षा तोच आधी गाठतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाडी अनियमित होणंही या वयात नेहमीचं. छातीत घातलेल्या नळीतून हवेचे बुडबुडे पाच दिवसांनंतरही येत राहिले तर मुक्काम लांबतो. खोल श्वासाच्या व्यायामाचं, प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं यंत्र उशाशी ठेवलेलं असतं, आणि निम्मे आजोबा त्यात फुंकतात. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं: पहिली गोळी सेकंदाला 600 मिलिलिटर हवा ओढली की उचलते, दुसरी 900 ला, तिसरी 1200 ला. तिन्ही झटक्यात उडवण्यापेक्षा पहिली गोळी तीन सेकंद वर धरणं जास्त कामाचं. जागेपणी तासाला दहा वेळा, आणि खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबून.